आठवताना स्मृती पुन्हा घडते

आठवण म्हणजे मेंदूच्या कपाटातून जशीच्या तशी बाहेर काढलेली वस्तू, असे आपण गृहीत धरतो. प्रयोग मात्र सांगतात की आठवणे ही काही अंशी नव्याने घडवण्याचीच क्रिया आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. गाड्यांचा वेग विचारताना एका गटासाठी ‘धडकल्या’ असा साधा शब्द वापरला, दुसऱ्यासाठी चक्काचूर सुचवणारा. आठवड्याने ‘फुटलेल्या काचा दिसल्या का?’ असे विचारल्यावर पहिल्या गटातल्या ५० पैकी ७ जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्यातले १६. चित्रफितीत काचा फुटल्याच नव्हत्या.

यावर आक्षेप असा की, स्मृती बदललीच नसेल. प्रश्नाचा रोख ओळखून मुलांनी अंदाज ठोकला असेल. शंका रास्त आहे, पण उंदरांना कोणाची मर्जी राखायची नसते. करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी २००० मध्ये आवाज ऐकवून विजेचा सौम्य झटका दिला; उंदीर त्या आवाजाला घाबरू लागले. नंतर तोच आवाज ऐकवून त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध सोडले, तेव्हा पुढच्या चाचणीत भीती बरीच ओसरली होती. आवाज न ऐकवता दिलेले औषध निष्प्रभ ठरले. म्हणजे पक्की झालेली आठवण जागी झाली की काही काळ सैल पडते आणि तिला पुन्हा पक्के व्हावे लागते. प्रत्येक आठवणीचे असे होत नाही. जुन्या, खोल रुजलेल्या स्मृती सहसा दाद देत नाहीत, हेही पुढच्या प्रयोगांत दिसले.

मग वेदपठण पिढ्यानपिढ्या अचूक कसे राहिले? घनपाठात दोन-तीन शब्द उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा म्हणावे लागतात, चूक लगेच उघडी पडते, आणि समोर गुरू असतो. तिथली अचूकता या तपासणीची कमाई आहे. आठवण्याने स्मृती बिघडते तशी बळकटही होते. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा नुसता वारंवार वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्याने त्यांना ४० टक्के आठवला, एकाच सत्रात वाचून तीनदा न बघता लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्याला जास्त आठवेल, अशी खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होती.