परदेशी सून आणि देशाचा उंबरठा

उंबरठ्यावरचे माप ओलांडून आलेली सून त्याच दिवशी घरची होते. परदेशी सुनेला देशाची होण्यास मात्र किमान सात वर्षे लागतात. जावई परदेशी असला तरी नियम हाच.

विवाहाने नागरिकत्व आपोआप मिळत नाही, हे वाचकांनी आधी ध्यानी घ्यावे. आरंभी व्हिसावर राहावे लागते. नोंदणी झालेला विवाह दोन वर्षे टिकला म्हणजे ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान व बांगलादेश येथील मूळ असलेल्यांना मात्र ते मिळत नाही. हे कार्ड म्हणजे आजीवन व्हिसाच. पण नावात ‘सिटिझन’ असूनही मताचा हक्क नाही, आणि घटस्फोट झाला की कार्डही जाते. मग इतक्या वर्षांचे घर, मुले, शेजार यांचे काय?

नागरिकत्वाची एकदा नोंदणी झाली की ते घटस्फोटाने जात नाही. १९५५ च्या कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे अर्जापूर्वीचे वर्षभर सलग, व त्याआधीच्या आठ वर्षांत निदान सहा वर्षे भारतात वास्तव्य हवे. आई अंथरुणाला खिळली म्हणून दोन महिने माहेरी गेलेली सून नेमकी येथेच अडते, कारण त्या सलग वर्षात सरकार विशेष कारणास्तव फार तर तीस दिवसांची सूट देऊ शकते. शेवटी जुने नागरिकत्वही सोडावे लागते. त्याची घाई सासरच्यांनी करू नये.

तूर्त विवाहाची नोंदणी उरकावी, आणि तिच्या येण्याजाण्याच्या तारखा पहिल्या दिवसापासून वहीत टिपून ठेवाव्यात.