पहिली भेट : चहापुरती आणि उजेडात

गडब, कासू, वडखळच्या वस्त्यांत आता स्थळ मध्यस्थच आणतो असे राहिले नाही. वधू-वर मेळाव्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायोडाटा येतो, इन्स्टाग्रामवर ओळख होते, कंपनीच्या बसमध्ये नंबर दिला जातो. मग भेटायचे ठरते आणि तिथे आपल्या घरांची पंचाईत होते. विचारले तर नाही म्हणतील, म्हणून मुलगी क्लासचे नाव सांगून निघते. ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नसते. आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतो तो यासाठीच. भेटण्यापेक्षा लपून भेटण्यात धोका जास्त आहे.

आयाबायांची भीती खोटी नाही. 2014 साली अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या 17 वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला. 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. हे माहीत असलेली आई मुलाचा मोबाईल तपासणारच. पण ओरडून, मोबाईल काढून घेऊन मुले बोलायची थांबत नाहीत, ती आपल्याला सांगायची थांबतात. आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी 1936 सालीच लिहून ठेवले. तेव्हा कोणाशी बोलतोस याआधी 'कुठे भेटणार, परत कधी येणार' हे विचारायची सवय घरात लागली पाहिजे.

ओळखीची सुरुवात कशी करावी हे तरुण मुले आम्हाला लाजत विचारतात. 'हाय डिअर', 'जेवलीस का', 'झोपलीस का' या तीन वाक्यांवर महिना काढणारे पुष्कळ आहेत. समोरच्या मुलीला दिवसात असे दहा निरोप येतात, ती कोणाला उत्तर देणार? तिने स्वतःबद्दल जे लिहिले आहे ते आधी वाचावे आणि त्यातलेच काही विचारावे. 'चवदार तळ्यावरचा तुमचा फोटो पाहिला. 20 मार्चला दरवर्षी जाता का? आम्ही पेणहून निघतो, गर्दीत पाणी मिळायची मारामार होते.' एवढे पुरते. यात प्रश्न आहे, थोडी स्वतःची ओळख आहे आणि उत्तर द्यायला जागा आहे. समोरून 'तू' येईपर्यंत 'तुम्ही'च बरे. उत्तर नाही आले तर दुसऱ्यांदा प्रश्नचिन्हांची रांग पाठवू नये.

आपण रोज पंचशील म्हणतो, त्यातले चौथे शील बायोडाटालाही लागू आहे. ठेकेदाराकडे काम असताना 'कंपनीत कायम' लिहायचे, पाच वर्षांपूर्वीचा फोटो लावायचा, पहिले लग्न मोडले ते गाळायचे, हे पुढे सगळे बाहेर येते आणि तोवर हॉल बुक झालेला असतो.

पैशाची गोष्ट निघाली की सावध. प्रत्यक्ष भेटायच्या आधी आजारी आईसाठी, अडकलेल्या पार्सलसाठी कोणी पैसे मागितले, तर नाते तिथेच संपले असे समजावे. दुसरा प्रकार जास्त घातक. अनोळखी मुलगी रात्री व्हिडिओ कॉल करते, कपडे काढायला लावते, रेकॉर्ड करते आणि मग धमकी. यात मुलगे जास्त अडकतात आणि लाजेने जीव द्यायला निघतात. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, त्याच दिवशी 1930 ला फोन करा. मनात वाईट विचार येत असतील तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. आणि घरच्यांनो, मुलगा हे सांगायला आला तर पहिली अर्धी घटका फक्त ऐका.

आता भेट. आपल्याकडे पहिली भेट म्हणजे कांदेपोहे. मुलगी ट्रे घेऊन येणार, पाचसहा मोठी माणसे रंग-उंची पाहणार, आणि मग 'दोघांना बोलू द्या' म्हणून गच्चीवर पाच मिनिटे. एवढ्यात कोणाला कोण कळणार? त्यापेक्षा दोघांनी आधी एकदा बाहेर चहा प्यावा. तासभर, दिवसाउजेडी, वर्दळीच्या ठिकाणी. पेणच्या बाजारातले हॉटेल चालेल, एसटी स्टँडजवळचे चालेल. अलिबागचा समुद्र दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला ठेवा. त्याच्या मोटारसायकलवर बसून जाऊ नये, आपापले जावे, आपापले यावे. रोह्याच्या गाडीवर अवलंबून असाल तर परतीची वेळ आधी पाहा, कारण एक चुकली की पुढची लवकर नसते. मैत्रिणीला किंवा बहिणीला ठिकाण सांगून ठेवा, मध्ये एक फोन करायला सांगा. बिल अर्धे-अर्धे केले की कोणी कोणाचे देणे लागत नाही. ही समज 18 वर्षांवरच्यांसाठी आहे. त्याखाली शरीरसंबंधाला मुलीची 'हो' कायदा मानत नाही, मुलावर पोक्सो लागतो.

भेटीआधी छातीत धडधडते, पोटात कालवते, सारखे लघवीला होते. हा आजार नाही, शरीर तयारीत आले की असे होते. उपाशी जाऊ नका, दोन घास खाऊन जा, पाणी प्या, श्वास सावकाश सोडा. धीर यावा म्हणून बिअर घेणाऱ्यांना पाचवे शील आठवून द्यावे लागते. गोरे दिसण्यासाठी मेडिकलमधून आणलेले मलम आठ दिवस चोपडणाऱ्या मुली आम्ही फार पाहतो. त्यांतल्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, नंतर त्वचा पातळ पडते, पुरळ येते, केस उगवतात, आणि मलम बंद केले की आग होते. ज्याला तुमच्या रंगाची अडचण आहे त्याला ती पहिल्याच भेटीत कळलेली बरी.

आजारपणाची गोष्ट चहाच्या टेबलावर काढायची गरज नाही, पण साखरपुड्याआधी ती झालीच पाहिजे. बाबासाहेब आणि डॉ. शारदा कबीर यांनी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत नोंदणी विवाह केला. बाबासाहेबांचा मधुमेह, पायांचे दुखणे हे सगळे डॉक्टर म्हणून त्यांना आधीच पूर्ण ठाऊक होते. आपल्यात विदर्भातली स्थळे येतात, तिथल्या बौद्ध समाजात सिकलसेल बराच आढळतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. वाहक माणूस धडधाकट दिसतो, म्हणून पत्रिका जुळवण्याऐवजी दोघांनी रक्त तपासावे. एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसी केंद्रात मोफत होते आणि नाव गुप्त राहते.

भेटीनंतर मन नसेल तर गप्प बसून ताटकळत ठेवू नका. 'भेटून बरे वाटले, पण मला पुढे जायचे नाही. तुम्हाला शुभेच्छा', एवढे त्याच दिवशी कळवा. कारण सांगायचे बंधन नाही. आणि ज्याला हे वाचायला मिळेल त्याने पुन्हा फोन करू नये, कामावरून सुटताना वाटेत उभे राहू नये. नाही म्हटल्यावरही पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. मुलींनो, असे झाले तर 112 लावा आणि घरी सांगा.