दहा पौंडांत ऑस्ट्रेलिया!

दहा पौंड मोजा आणि ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला जा. मुलांचं तिकीट तर चक्क फुकट! दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती आणि रेशनच्या रांगांना, घरांच्या टंचाईला कंटाळलेल्या ब्रिटिशांना ऊन हवं होतं. १९४५ साली सुरू झालेल्या या योजनेतून दहा लाखांहून जास्त ब्रिटिश तिकडे गेले. तिकडच्यांनी त्यांचं नाव ठेवलं ‘टेन पाउंड पॉम’, पॉम म्हणजे ब्रिटिश माणूस. हा स्वस्ताईचा दरवाजा गोऱ्यांसाठीच उघडा होता, हेही विसरू नये.

अट होती दोन वर्षं राहण्याची. त्याआधी परतायचं तर सरकारने भरलेलं भाडंही फेडा! बोटीतून उतरल्यावर कित्येक कुटुंबांच्या वाट्याला अर्धगोल पत्र्याच्या खोल्या आल्या. सुमारे एक चतुर्थांश लोक मायदेशी परतले. गंमत म्हणजे त्यांतले बरेच जण इंग्लंडच्या थंडीत पुन्हा ऑस्ट्रेलियाची आठवण काढू लागले आणि पुन्हा बोटीत बसले. ते ‘बूमरँग पॉम’!

याच योजनेतून गिब कुटुंब १९५८ साली मँचेस्टर सोडून ब्रिस्बेनजवळच्या रेडक्लिफला गेलं. तिथे गाणारी पोरं १९६७ साली इंग्लंडला परतली आणि ‘बी जीज’ म्हणून जगभर गाजली. वेल्सच्या बॅरी गावातली एक मुलगी १९६६ साली आईवडिलांबरोबर अ‍ॅडलेडला आली. छातीच्या आजारामुळे तिला उबदार हवा मानवेल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. २०१० साली ती पंतप्रधान झाली : ज्युलिया गिलार्ड.

कागदावरची नाळ मात्र फार सावकाश तुटली. ऑस्ट्रेलियाचं स्वतःचं नागरिकत्व १९४९ साली आलं, तरी पासपोर्टवर ‘ब्रिटिश पासपोर्ट’ हे शब्द १९६७ पर्यंत होतेच. जानेवारी १९८४ पर्यंत मतदारयादीत नाव लागलेले ब्रिटिश ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व न घेताही आजतागायत मत देऊ शकतात. आणि १९९९ चा निकाल तर भन्नाटच. क्वीन्सलँडमधून सिनेटवर निवडून आलेल्या हेदर हिल यांच्याकडे ब्रिटिश नागरिकत्वही होतं. हायकोर्टाने ठरवलं, ब्रिटन ही परकी सत्ता आहे. निवड रद्द! राणी मात्र तेव्हा दोन्ही देशांची एकच होती.

ब्रिटनकडूनही ओढाताण चालूच. देश सोडून पंधरा वर्षं झाली की तिथला मताधिकार जायचा. जानेवारी २०२४ पासून ती मर्यादा गेली.

मत मिळालं, पण पैशाचं काय? ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते. निवृत्त माणूस अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये राहत असेल तरी वाढते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंडमध्ये मात्र पहिल्या दिवशीच्या आकड्यावर गोठते! २००० साली पूर्ण मूळ पेन्शन आठवड्याला ६७.५० पौंड होती, २०२४ साली १६९.५० पौंड. २००० साली सिडनीत पेन्शन सुरू झालेल्या आजोबांना आजही जुनाच आकडा. हप्ते सगळ्यांनी सारखेच भरले, मग हा भेद का? हा सरळसरळ अन्याय आहे.

या गोठलेल्या यादीत भारतही आहे. तेव्हा लंडनमध्ये नोकरी केलेले तुमचे काका-मावशी निवृत्तीनंतर पुण्याला कायमचं परतायचं म्हणत असतील, तर फ्लॅट बघण्याआधी त्यांना हा हिशेब जरूर करायला सांगा.