झेंड्यावरचं लाल पान

दोस्तांनो, कॅनडाचा झेंडा तुम्ही पाहिलाच असेल. दोन बाजूंना लाल पट्टे, मधे पांढरा चौकोन आणि त्यात मेपलच्या झाडाचं लाल पान. वर्गातलं कुणीही पाच मिनिटांत काढेल (पानाची अकरा टोकं मात्र नीट मोजा हं!). पण या झेंड्यावरून १९६४ साली तिथे असं भांडण पेटलं, की अख्खा उन्हाळा संसदेत दुसरं काम धड होईना.

कॅनडा ही इंग्रजांची वसाहत. १ जुलै १८६७ रोजी तिला आपला कारभार पाहायचा हक्क मिळाला, पण फक्त घरचा! युद्ध करायचं की नाही, हे लंडनमध्ये ठरे. १९१४ मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि कॅनडा आपोआप त्यात ओढला गेला. साठ हजारांहून जास्त कॅनेडियन सैनिक मारले गेले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतले पुष्कळ तरुण आपणहून गेले होते. क्विबेक प्रांतातल्या फ्रेंच बोलणाऱ्यांना मात्र प्रश्न पडे, इंग्लंडच्या राजासाठी आम्ही का मरायचं? सक्तीच्या सैन्यभरतीवरून तिथे दंगलीही झाल्या.

१९३१ च्या कायद्याने कॅनडा मोकळा झाला. १९३९ मध्ये ब्रिटनने ३ सप्टेंबरला युद्ध पुकारलं. कॅनडाने आपल्या संसदेला विचारून १० तारखेला. एका आठवड्याचाच फरक, पण मोठा!

झेंडा मात्र जुनाच राहिला. लाल कापड, कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक आणि बाजूला कॅनडाची ढाल. त्याची अडचण १९५६ मध्ये कळली. सुएझ कालव्यावरून इस्राएल, ब्रिटन आणि फ्रान्सने इजिप्तवर हल्ला केला. तिथे संयुक्त राष्ट्रांची सेना पाठवा, असं कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी सुचवलं. सेना उभी राहिली, भारतीय जवानही गेले. पण कॅनडाच्या पायदळाला इजिप्तने साफ नको म्हटलं. गणवेश इंग्रजांसारखा, पलटणीचं नाव 'क्वीन्स ओन रायफल्स', झेंड्यावर युनियन जॅक! मग हल्ला करणारे कोण आणि शांतता राखणारे कोण, हे ओळखायचं कसं? पिअर्सनना १९५७ चं शांततेचं नोबेल मिळालं, पण हा काटा सलत राहिला असणार.

पंतप्रधान झाल्यावर १७ मे १९६४ रोजी ते विनिपेगला माजी सैनिकांच्या संमेलनात गेले आणि नवा झेंडा हवा म्हणाले. सैनिकांनी त्यांची हुर्यो उडवली.

मला विचाराल तर त्यांचा राग मला कळतो. ते काही इंग्रजांचे गुलाम नव्हते. त्या झेंड्याखाली ते लढले होते, त्यांचे सोबती परमुलखात मातीआड झाले होते. त्यांच्या लेखी साम्राज्य आणि कॅनडा असे दोन देव नव्हतेच. पिअर्सनही पहिल्या महायुद्धात गेले होते, बरं का! पण क्विबेकमध्ये वेगळं व्हायचं म्हणणारे वाढत होते. त्यांनाही आपला वाटेल असा झेंडा त्यांना हवा होता.

विरोधी पक्षनेते डीफेनबेकर हटून बसले. भाषणांमागून भाषणं झाली. शेवटी १५ खासदारांची समिती नेमली. लोकांनी हजारो नमुने पाठवले. पिअर्सनना तीन पानांचा, निळ्या कडांचा झेंडा आवडला होता. सरकारी पक्ष त्यालाच मत देणार असं समजून विरोधकांनी जॉर्ज स्टॅन्ली या इतिहासाच्या प्राध्यापकांनी सुचवलेल्या एका पानाच्या झेंड्याला मत दिलं. आणि गंमत म्हणजे सरकारी पक्षानेही तेच केलं! १४ विरुद्ध शून्य. ना युनियन जॅक, ना फ्रान्सचं लिलीचं फूल.

१५ डिसेंबरच्या पहाटे दोनच्या सुमाराला संसदेने १६३ विरुद्ध ७८ मतांनी तो मान्य केला. जाहीरनाम्यावर सही कुणाची? राणी एलिझाबेथची! कारण ती कॅनडाचीही राणी होती. १५ फेब्रुवारी १९६५ रोजी भर दुपारी ओटावात झेंडा चढला.

जुना झेंडा गेला म्हणून हळहळणारे मात्र गप्प बसले नाहीत. ओंटारिओने १९६५ मध्ये आणि मॅनिटोबाने १९६६ मध्ये त्याच धर्तीचा झेंडा आपल्या प्रांतासाठी घेतला. ते आजही फडकतात. झेंड्यांच्या तक्त्यात शोधून बघा. दोन्हींच्या कोपऱ्यात युनियन जॅक आहे. मॅनिटोबाच्या ढालीवर रानगवा आहे, आणि ओंटारिओच्या ढालीवर मेपलची तीन पानं.