उत्प्रेरक नेमका कोण? कार्बोकॅटायन आणि लुईस आम्ल

लुईस आम्ल म्हटलं की आपल्याला ॲल्युमिनिअम क्लोराइड आठवतं. पण 1923 साली गिल्बर्ट लुईस यांनी मांडलेल्या व्याख्येत धातूची अट नाही. इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारतं ते आम्ल, एवढंच. मग धनभारित, एक कक्षक रिकामं असलेला कार्बन, म्हणजे कार्बोकॅटायन, यात बसायलाच हवा.

अडचण अशी, की बहुतेक कार्बोकॅटायन क्षणभरच टिकतात. समोर येईल त्याला चिकटतात, नाहीतर शेजारच्या कार्बनवरचा प्रोटॉन गमावून अल्कीन होतात. उत्प्रेरकाला तर काम झालं की सुटून परत यायचं असतं. म्हणून आपण ट्रायटिल निवडतो. त्याची तीन फिनाइल वलयं भार वाटून घेतात आणि शेजारच्या कार्बनांवर गमावायला हायड्रोजनच नसतो. त्याचे क्षार चक्क बाटलीत ठेवता येतात.

अल्डिहाइडचा ऑक्सिजन आपली मोकळी जोडी ट्रायटिलला देतो. त्यामुळे कार्बोनिल कार्बन इलेक्ट्रॉनसाठी अधिक आसुसतो आणि दुसरा रेणू त्याच्यावर सहज येतो. 1980च्या दशकात जपानच्या तेरुआकी मुकाइयामा यांनी सिलिल ईनॉल ईथरच्या अल्डॉल अभिक्रियेत ट्रायटिल क्षार असेच वापरले.

आता प्रश्न असा, की काम खरंच ट्रायटिलनं केलं का? या अभिक्रियेत सिलिल गट मोकळा होऊ शकतो, आणि तोही जोरदार लुईस आम्ल आहे. 1995 मध्ये हॉलिस आणि बॉस्निच यांनी दाखवलं, की अशा अभिक्रियांत पुष्कळदा तोच गट पुढचं चक्र चालवतो. ट्रायटिल फक्त सुरुवात करून देतं. दुसरा संशयित प्रोटॉन. थोडं जरी पाणी असलं तरी ट्रायटिलपासून ट्रायफिनाइलमिथेनॉल आणि आम्ल तयार होतं.

मग तपासायचं कसं? सिलिकॉन नसलेली अभिक्रिया घ्यायची. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेत योहान फ्रान्सेन यांच्या गटानं ट्रायटिल टेट्राफ्लुओरोबोरेट डील्स-आल्डर अभिक्रियेत वापरलं, तिथे सिलिलचा प्रश्नच उरत नाही. प्रोटॉनसाठी 2,6-डायटर्शरीब्युटिलपिरिडीन घालून बघायचं. त्याच्या नायट्रोजनभोवती इतकी गर्दी असते, की प्रोटॉन आत शिरतो, ट्रायटिल शिरू शकत नाही. अभिक्रिया थांबली, तर काम प्रोटॉन करत होता असं समजायचं.

म्हणजे बाटलीवर जे नाव आहे तोच उत्प्रेरक, असं गृहीत धरायचं नाही. हे ट्रायटिलइतकंच धातूंच्या क्षारांनाही लागू आहे, कारण पाण्याशी गाठ पडली की त्यांच्यातलेही कित्येक प्रोटॉन सोडतात.