नमुन्याचा न्याय

आश्विन सरत आला आणि बालाघाटाच्या पठारावरील शिवारांत सोयाबीनची मळणी उरकू लागली, म्हणजे लातूरच्या कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर, टेंपो आणि मालमोटारी यांची अशी रीघ लागते की, अडत दुकानांच्या ओट्यांपुढे पोत्यांच्या थप्प्या आणि त्यांतून वाट काढणारे हमाल यांखेरीज दुसरे काही दिसेनासे होते. तथापि या गर्दीतील जाणत्यांची नजर थप्पीवर नसते; ती खिळलेली असते परखीतून खरेदीदाराच्या तळहातावर ओघळलेल्या मूठभर दाण्यांवर. पोत्यात खुपसलेली ती पन्हाळीदार, टोकदार लोखंडी सळई जेवढे दाणे बाहेर आणते, तेवढ्यांच्या साक्षीवर एका कुटुंबाच्या चार महिन्यांच्या कष्टांचे मोल ठरत असते.

मुरलेला खरेदीदार दाणे चोळतो, एखादा दाताखाली फोडून पाहतो आणि ‘हवा’, ‘माती’ व ‘डागी’ या तीन सदरांखाली आपला निवाडा देतो. हवा म्हणजे ओलावा, माती म्हणजे काडीकचरा व खडे, आणि डागी म्हणजे पावसाने वा बुरशीने काळवंडलेला दाणा. जेथे निवाडा नजरेवर न सोडता मोजून करावयाचा असतो, तेथे शंभर ग्रॅम नमुना तोलून चाळणीवर धरतात, हाताने निवडतात आणि प्रत्येक दोषाचे वेगळे वजन घेतात. शंभरातील जितके ग्रॅम, तितके टक्के, असा तो सरळ हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला डोळ्यांदेखत पडताळता येतो.

ओलाव्याचे मात्र तसे नाही. शासकीय हमीभाव खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची मर्यादा असते. 2024 च्या हंगामात परतीच्या पावसाने दाणा वाळेना, तेव्हा केंद्र सरकारने ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली. ही मर्यादा कोणा अंमलदाराची लहर नव्हे. ओला दाणा साठवणीत श्वसन करीत राहतो, थप्पी आतून तापते, बुरशी धरते आणि तेलाची आम्लता वाढते. शिवाय 14 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल 12 टक्क्यांपर्यंत वाळविला, तर तो पावणेअठ्ठ्याण्णव किलोंच्या आसपास भरतो. सव्वादोन किलो पाण्याची किंमत दाण्याच्या भावाने देण्यास कोणताही कारखानदार राजी होणार नाही, आणि तसा आग्रह धरणेही न्याय्य ठरणार नाही.

परंतु हा आकडा सांगणारे विजेरी यंत्र पाणी प्रत्यक्ष मोजीत नाही. दाण्याच्या विद्युत्-गुणधर्मावरून ते ओलाव्याचे अनुमान करते. दाणा उन्हाने तापलेला असला, यंत्र दुसऱ्याच धान्यावर लावलेले राहिले, किंवा भट्टीत वाळविलेल्या नमुन्याशी त्याची रुजवात बरेच दिवसांत झालेली नसली, तर तेच पोते दोन ओट्यांवर दोन आकडे दाखविते. प्रयोगशाळेतील भट्टी 103 अंश उष्णतेवर तासन् तास घेऊन जे सांगते, ते येथे काही क्षणांत सांगावयाचे असते; म्हणून यंत्राची तपासणी ही मालाच्या तपासणीइतकीच अगत्याची आहे.

त्याहूनही मूलभूत प्रश्न नमुन्याचा. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातला भात एकाच आचेवर शिजलेला असतो. गाडीतील माल तसा एकजीव नसतो. वाटेतल्या हादऱ्यांनी बारीक माती तळाशी उतरते, हलकी फोलपटे वर येतात, आणि बांधाकडच्या ओल्या ढिगाची पोती एकाच कोपऱ्यात रचलेली असतात. यास्तव वर, मध्ये, तळाशी आणि कोपऱ्यांत परखी मारावी, निघालेले सारे दाणे एकत्र करून त्यांचा ढीग घालावा, तो चपटा करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन ठेवून दोन बाजूस सारावेत, आणि नमुना हवा तितका लहान होईपर्यंत हेच करीत जावे, असा या विद्येचा दंडक आहे.

नांदेडकडे कापसाच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने येतो. गावरानी कापसाच्या आणि पुढे येथील संशोधन केंद्रात निपजलेल्या नांदेड-44 या संकरित वाणाच्या या मुलखात, 1972 पासून चाललेल्या एकाधिकार खरेदीच्या काळी ग्रेडरचा शब्द हा जणू हुकूमच होता. अंगठ्यांमध्ये धागा ताणून त्याने दिलेल्या प्रतीवर अपील करणे दुरापास्त होते. आज गाठींतील रुईची लांबी, ताकद आणि तलमपणा यंत्रावर मोजतात. पण कापूस महामंडळाच्या केंद्रावर 8 टक्क्यांवरील ओलाव्यास कपात आणि 12 टक्क्यांवर नकार हा निर्णय अजूनही गाडीत हात घालणाऱ्यावरच अवलंबून असतो.

आता हाच माल समुद्राकडे निघाला म्हणजे काय घडते, ते पाहण्याजोगे आहे. सोयाबीनची पेंड परदेशी जाते, तेव्हा तिच्यातील प्रथिने, वाळू व ओलावा तपासले जातात, ती पुरेशी भाजली आहे की नाही याची युरिएज चाचणी होते, आणि हे काम विकणारा वा घेणारा न करता तिसरा, तटस्थ निरीक्षक करतो. फ्रान्समधील रुआं बंदरात 1878 साली धान्याच्या जहाजांची तपासणी करण्यासाठी स्थापन झालेली एसजीएस ही संस्था आज जगभर हाच व्यवसाय करते. मोटारीत वा जहाजात माल चढत असतानाच ठराविक अंतराने नमुने घेतात, ते एकत्र करून त्यांचे सारखे भाग पाडतात आणि मोहरबंद करतात: एक विक्रेत्याचा, एक ग्राहकाचा, आणि एक तंटा उद्भवल्यास लवादापुढे मांडण्यासाठी. त्या मोहरेमुळेच सहस्र मैलांवरील, परस्परांचे तोंडही न पाहिलेले दोन इसम एकमेकांवर विश्वास ठेवू शकतात.

मी लातूर आणि नांदेडच्या मोंढ्यांत ज्या ज्या ओट्यांवर उभा राहिलो, त्यांपैकी एकावरही शेतकऱ्याच्या हाती त्याच्या मालाचा मोहरबंद नमुना दिलेला पाहिला नाही. भाव पुकारला गेला की ती मूठ दुकानातल्या ढिगात मिसळते आणि तिच्याबरोबर फिर्यादीचा एकमेव पुरावाही नाहीसा होतो. निजामी अमदानीतल्या 1930 च्या बाजार कायद्याने आणि पुढे महाराष्ट्राच्या 1963 च्या कायद्याने उघड लिलावाची व खऱ्या मापाची वाट घालून दिली. तराजूवरचा मुद्रांक पाहण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला, तो याच वाटेने. आता तोच हक्क प्रतीसही लागू व्हावा. परखी मालकासमक्ष लागावी, यंत्राच्या पडताळणीची तारीख दर्शनी भागी लिहिलेली असावी, आकडे पट्टीवर उतरावेत, आणि पावशेर दाण्यांची एक मोहरबंद पिशवी विकणाऱ्याच्या स्वाधीन व्हावी. यास फारसा खर्च लागत नाही. परदेशच्या ग्राहकाला जो नमुना आपण बिनतक्रार देतो, तो पिकविणाऱ्याला नाकारण्याचे कोणतेही समर्थन मला सापडत नाही.