बैठक फलदायी कशी व्हावी? केसलापूरच्या दरबाराच्या निमित्ताने

कार्यालय असो, शाळा असो वा एखाद्या संस्थेचे कार्यकारी मंडळ असो, बैठकीविषयीची तक्रार सर्वत्र सारखीच ऐकू येते. दोन तास गेले, चहा झाला, निष्पन्न मात्र काही झाले नाही. बैठक चालविणे हेही एक काम आहे व ते शिकावे लागते, याचा आपणांस बहुधा विसर पडतो. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार करताना आम्ही आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातीलच एका बैठकीपासून आरंभ करीत आहोत.

इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातील मंडळी गोदावरीचे जल पायी चालत आणतात, पूजा होते आणि जत्रेच्या दिवसांतच ‘दरबार’ भरतो. अधिकारी व आदिवासी बांधव यांची ही समोरासमोरची बैठक होय. तिच्या मागचा इतिहास क्लेशदायक आहे. जल, जंगल व जमीन यांच्या हक्कासाठी झगडणारे कोमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांकडून मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने गोंड समाजाच्या स्थितीचा अभ्यास करण्याचे काम मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे दिले. डोंगरातील दूरदूरच्या पाड्यांवरील लोकांना कचेरीत बोलाविण्यापेक्षा, ते जेथे आपण होऊन जमतात तेथेच अधिकाऱ्यांनी जावे, या विचाराने १९४० च्या दशकात हा दरबार सुरू झाला. पुढे संस्थान गेले, जिल्हा १९५६ साली आंध्र प्रदेशात आणि २०१४ साली तेलंगणात आला, २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. दरबाराची प्रथा मात्र टिकून आहे.

या दरबाराचे मर्म आमच्या मते एकाच गोष्टीत आहे. ज्याच्या हाती निर्णय आहे, तो तेथे स्वतः येऊन बसतो. जिल्हाधिकारी व उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे अधिकारी समोर असतात आणि बोलणारा आपले गाऱ्हाणे थेट त्यांच्या कानी घालतो. आपल्या कार्यालयांतील किती बैठकांविषयी असे म्हणता येईल? आम्ही अनेक वर्षे अशा बैठकांना बसलो आहोत, जेथे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘साहेबांना विचारून कळवितो’ एवढेच असे. पुढील बैठकीसही साहेब नसत! ज्या विषयाचा निर्णय घेणारा उपस्थित राहणार नाही, तो विषय त्या दिवशी घेऊच नये. तो पुढे ढकलणे अधिक प्रामाणिकपणाचे.

दरबारात सारे प्रश्न सुटतात असे नव्हे. तेच अर्ज वर्षानुवर्षे पुन्हा येतात, अशी खंत तेथेही व्यक्त होते. परंतु बोलण्याची जागाच नसेल तर काय घडते, हेही याच परिसराने पाहिले आहे. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे आदिवासी शेतकऱ्यांची सभा व्हावयाची होती. तिला परवानगी नाकारण्यात आली, तरीही लोक आले आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार १३ जण मृत्युमुखी पडले. इतरांचा आकडा याहून फार मोठा आहे. कार्यालयातील बैठकीची या घटनेशी तुलना करणे अर्थातच योग्य नव्हे. तथापि ऐकून न घेतलेली तक्रार नाहीशी होत नाही, ही गोष्ट लहान ठिकाणीही तितकीच खरी आहे. बैठकीत गप्प बसलेला सहकारी सहमत आहे असे समजणे, ही बैठक चालविणाऱ्याची सर्वांत मोठी चूक होय.

यावर एक उपाय गडचिरोली जिल्ह्यात पाहावयास मिळतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची ग्रामसभा निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविणारे ते हेच गाव. तेथे अभ्यासगट निराळा आणि ग्रामसभा निराळी. अभ्यासगटात प्रश्न समजून घ्यावयाचा, बाहेरच्या जाणकारांशीही मोकळी चर्चा करावयाची. ठराव मात्र ग्रामसभेतच. आपल्या बैठका लांबतात त्या बहुतेक याच कारणाने, की माहिती घेणे, वाद घालणे आणि ठरविणे ही तिन्ही कामे आपण एकाच तासात उरकू पाहतो. कागदपत्रे दोन दिवस आधी सर्वांच्या हाती दिली, तर निम्मा वेळ वाचतो.

समजा, हंगामाच्या तोंडावर एखाद्या कापूस खरेदी केंद्रावर बैठक बोलाविली आहे. विषय ‘हंगामाची तयारी’ असा लिहिला, तर जो तो मनास येईल ते बोलेल. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याहून अधिक ओलावा असल्यास माल परत, असा नियम आहे. तंटे येथेच होतात. तेव्हा विषय असा लिहावा : ‘ओलावा कोठे मोजावयाचा आणि शेतकऱ्याने हरकत घेतल्यास पुन्हा कोणी मोजावयाचा?’ बोलवावयाची माणसे आपोआप ठरतात : मोजणारा, काट्यावरचा, नोंद ठेवणारा व केंद्रप्रमुख. प्रथम मोजणाऱ्यास बोलू द्यावे, केंद्रप्रमुखाने सर्वांत शेवटी बोलावे. प्रमुखाने आधी मत दिले की बाकीच्यांच्या माना डोलू लागतात, हा अनुभव कोणास नाही?

आपल्या जिल्ह्यात आणखी एक पथ्य आवश्यक आहे. एकाच टेबलाभोवती तेलुगू, मराठी, गोंडी व उर्दू बोलणारे बसलेले असतात. ठरलेली गोष्ट ज्याने करावयाची त्याच्या भाषेत एकवार सांगावी, आणि त्याच्याकडून ती परत वदवून घ्यावी. दोन मिनिटांचे काम आहे.

इतिवृत्ताची वही सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. प्रत्येक निर्णयापुढे एकाच व्यक्तीचे नाव आणि एकच तारीख असावी. ‘सर्वांनी मिळून करावे’ असे लिहिलेले काम कोणीच करीत नाही. पुढील बैठकीचा आरंभ त्याच पानापासून करावा. एखादा विषय तिसऱ्यांदा तसाच आढळला, तर काम करणाऱ्यास दोष देण्यापूर्वी मागील दोन बैठकांची उपस्थिती पाहावी. निर्णय घेणाऱ्याची सही तेथे आहे काय, हे तपासावे.